बापूजींचं जेवण आणि माझा पाच वाजताचा क्लास

मस्तगड, जालना
१८ ऑगस्ट

दैवे,

टेंभुर्णीच्या शाळेच्या पत्त्यावर हे पाठवते आहे. तुझा नवा नंबर माझ्याकडे नाही, आणि असता तरी फोनवर मी काय डोंबल बोलले असते? आमच्या घरात फोन म्हणजे आकाशवाणी केंद्र. मी इकडे हॅलो म्हणायचं आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारायचं, कोण आहे? पत्राला निदान आवाज नसतो.

तू शेवटची आलीस त्याला चार वर्षं होतील. तू चहाचा कप धरून बसली होतीस, मी तुला नोकरीच्या मुलाखतीचं काहीतरी सांगत होते, आणि जिन्यात माझे सासरे खाकरले. मी डोक्यावर पदर ओढला आणि वाक्य तिथंच सोडलं. ते आत जाऊन, पाणी पिऊन, खाली दुकानात परत गेले तरी मी गप्पच. मग तू उठलीस आणि आमच्या जिन्यात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणालीस, "ही अशी नव्हती वो. काय करून ठिवलंय हिला?" आणि मला म्हणालीस, "मोने, तू बोलाय लागलीस की कळव. तवर मी न्हाई येणार." तुझा राग मला तेव्हा लागला होता. आता लागत नाही. आता वाटतं, एक माणूस तरी माझ्यासाठी भांडून गेलं.

तर कळवते. मी बोलायला लागले आहे, पण घरात नाही, इंडोनेशियात.

हसू नकोस. पुण्याची एक कंपनी आहे, ती घरबसल्या शिकवायला मास्तरीणबाया घेते. तिनं मला सुराबाया नावाच्या शहरातली पाच माणसं दिली. बंदरावर कंटेनरच्या यार्डात कारकुनी करतात. जहाजावरच्या लोकांशी इंग्रजीत बोलावं लागतं, आणि त्यांचं सगळं अडतं ते इन, ऑन आणि ऍटपाशी. त्यांच्या भाषेत या तिघांना मिळून एकच शब्द आहे, दि. पेटीत असलं तरी दि, पेटीवर असलं तरी दि, बंदरावर असलं तरी दि. आपण मराठीत घरात, घरावर, घरी असं शेपूट बदलत जातो, त्यामुळे आपल्याला तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे तरी कळतं, फक्त शब्द नामाच्या आधी आणायला जड जातो. त्यांचं उलटं आहे. शब्द कुठं ठेवायचा हे त्यांना उपजत येतं, कुठला ठेवायचा हे येत नाही. पाक गुनावान म्हणून एक वयस्क गृहस्थ आहेत (पाक म्हणजे आपल्याकडचं 'जी'), ते पहिल्या दिवशी म्हणाले, माल इज ऑन द कंटेनर. म्हटलं, पाक, मग तो पावसात भिजत असेल. सगळे हसले. मी स्टीलचा डबा आणि मूठभर हरभरा घेऊन बसले. दाणे आत टाकले, इन. झाकणावर ठेवले, ऑन. आणि डब्याकडे लांबून बोट दाखवलं, म्हणजे आत की वर याच्याशी घेणं नाही, नुसतं ठिकाण सांगायचंय, तर ऍट. गेट, बंदर, बसथांबा, सगळं ऍट. दुसऱ्या दिवशी पाची जण आपापला डबा घेऊन बसले होते.

परवा मी विचारलं, तुमची मिस आत्ता कुठं आहे, तीन वाक्यांत सांगा. बू सुलास्त्री नावाची बाई आहे (बू म्हणजे आपल्याकडचं 'ताई'), माझ्याच वयाची, फार चलाख. तिनं धडाधड सांगितलं, मिस इज ऍट होम, मिस इज इन अ रूम, मिस इज ऑन द फर्स्ट फ्लोअर. तिन्ही बरोबर होती. मी शाबास म्हटलं आणि पान उलटलं.

परवानगी कशी मिळाली ते सांगते. माझ्या नवऱ्यानं, अक्षतनं, बापूजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, कानावर घातलं. बापूजी हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. सासूबाईंनी, म्हणजे मम्मीजींनी, त्याचा अर्थ लावला: शिकव, पण दार उघडं ठेवून, मधल्या खोलीत, रसोईतून दिसशील अशी. इंटरनेटची तारही तिथंच आली आहे. पाच ते सहा. त्या वेळी सुराबायात साडेसहा झालेले असतात, त्या पाच जणांची संध्याकाळची नमाज होऊन गेलेली असते आणि रात्रपाळी लागायची असते, त्यामुळे वेळ हलत नाही. मलाही हलवायची नाही. दिवसभरात कोणीतरी माझ्या तोंडाकडे बघून मी काय बोलते याची वाट बघतं अशी ती एकच वेळ आहे. सगळं छान चाललंय.

तुझी,
मोना

९ ऑक्टोबर

दैवे,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर "पत्र पोचलं. पुढं?" एवढंच लिहायला तूच पाहिजेस. पण मी ते उशीखाली ठेवलंय.

पुढं असं, की सूर्य लवकर मावळायला लागला.

तुला आमच्या बापूजींचा नेम ठाऊक आहे. दिवस मावळायच्या आत जेवण, त्यानंतर पाणीसुद्धा नाही. आमच्या जैनांत पुष्कळ जण चातुर्मासापुरतं पाळतात, हे बारा महिने पाळतात. पावसाळ्यात ते साडेसहाला वर यायचे, तोवर माझा क्लास संपून मी कणीक मळत असायचे. दसरा गेला आणि त्यांचं जेवण सरकत सरकत माझ्या क्लासात येऊन बसलं. खाली बियाण्याचं दुकान, वर घर, आणि जिना चढला की पहिली मधली खोली, तीच ओलांडून रसोईत जायचं. ते खालून खाकरतात. मी पदर ओढते, मान खाली घालते आणि तोंड मिटते. ते जेवून हात धुऊन परत खाली जाईपर्यंत अशीच.

सुराबायात काय दिसत असेल विचार कर. बाई बोलता बोलता एकदम थिजते. पहिल्या दिवशी बू सुलास्त्री म्हणाली, मिस, नेटवर्क? मी नंतर म्हटलं, हो ग बाई, नेटवर्क. काय करणार? सासरे म्हणाले असते तर तिला काय कळलं असतं? आता त्यांची खात्रीच झाली आहे की जालन्याचं इंटरनेट रोज संध्याकाळी बसतं. पाक गुनावाननी सल्ला दिलाय की इंटरनेटचा डबा उंचावर ठेवा. बिचारे कुरकुर करत नाहीत, मी थिजले की आपापसात सराव करतात. मला कानातल्या यंत्रातून सगळं ऐकू येत असतं. इन मंडे म्हणतात, मॅरीड विथ म्हणतात, बिगर फ्रॉम म्हणतात, कारण त्यांच्याकडे 'पासून' आणि 'पेक्षा' दोन्हीला एकच शब्द आहे. मला ते दुरुस्त करायचं असतं. तोंडाशी आलेलं असतं. आणि मी पाटावर बसवलेल्या गौरीसारखी बसून राहते.

आता मी हुशारी करते. बापूजींच्या खाकरायच्या सुमारास पाचही जणांना लेखी काम देते आणि निमूट बसते. अक्षतला सांगितलं तर तो म्हणाला, "बराबर केलंस. चालून जातंय ना? मंग कशाला टेन्शन घेती?" त्याला चालून जाणाऱ्या गोष्टी फार आवडतात.

मोना

१३ नोव्हेंबर

दैवे,

चालून जात नाही.

कंपनीनं एक नवं यंत्र बसवलंय, ते क्लासात बाई किती बोलली हे आपोआप मोजतं. माझ्या क्लासात रोज मोठा खड्डा निघाला. तिथल्या अर्पिता मॅडमचा फोन आला, वाईट नाहीत, पण स्पष्ट बोलल्या. "लाइन खराब असेल तर दुरुस्त करा. पुढच्या गुरुवारी मी स्वतः ऐकायला बसणार आहे. तेव्हाही असंच झालं तर ही बॅच दुसऱ्या टीचरला जाईल." मी म्हटलं, दुरुस्त करते.

अक्षतनं खरोखर लाइन दुरुस्त केली. नवी जोडणी, नवा डबा, खर्च केला, माणूस बोलावला. मला हसावं की रडावं कळेना. त्या माणसासमोर मी काय सांगणार, की बाबा, बिघाड तारेत नाही?

रात्रीची भांडी झाल्यावर मी अक्षतला म्हटलं, तू बापूजींना सांग ना, एवढ्या गुरुवारी आधी जेवा. तो अशा नजरेनं बघायला लागला जसं काही मी त्यांना उपाशी ठेवा म्हटलं. "गव्हा-हरभऱ्याचा सीझन चालू आहे. चार वाजता गल्ल्यावरून ते उठतील का? आन् मी त्यांना काय सांगू, तुमची सून बोलून राह्यली म्हणून तुम्ही लवकर जेवा?" मी म्हटलं, हो, तेच सांग. तो कूस बदलून झोपला.

मम्मीजींना विचारलं. त्या पोळी लाटत होत्या, लाटणं थांबलंसुद्धा नाही. "मी सत्तावीस वर्षं माझ्या सासऱ्यासमोर तोंड उघडलं न्हाई. ते गेले तवाच डोक्यावरचा पदर सैल झाला. तुला एक घंटा सहन होत न्हाई?" खाली दुकानात ताट पाठवू का म्हटलं, तर म्हणाल्या, "बियाण्याला औषध लावलेलं राहतं. तिथं कोणी जेवतं का? बिलकुल खुळी आहेस."

वर गच्चीवर तार पोचत नाही. माझ्या खोलीला दार आहे, पण ते लावून बसायचं नाही. दैवे, मी या घरात कुठंही जाऊ शकते आणि कुठंही जाऊन उपयोग नाही. मला कोणी मारत नाही, रागावत नाही, खायला प्यायला भरपूर आहे, साड्या आहेत. तक्रार करायला गेले तर माझंच मला हसू येतं. पण तो क्लास गेला तर मी या घरात एक शब्द न बोललेली बाई म्हणून म्हातारी होईन, हे मला आता नीट दिसतंय, आणि मला त्याची फार भीती वाटते.

गुरुवारी मी काय करणार आहे मला माहीत नाही. लिहून टाकते, म्हणजे कुणाला तरी सांगितल्यासारखं होईल.

मोना

२१ नोव्हेंबर

दैवे,

मी गप्प बसले नाही.

काल क्लास सुरू झाला. अर्पिता मॅडम पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत. मी डिस्कस अबाउट का म्हणायचं नाही ते समजावत होते. त्यांच्या भाषेत 'विषयी' लागतो, आपल्यातही लागतो, म्हणून दोघांचीही तीच चूक होते. आणि जिन्यात बापूजी खाकरले. मी पदर ओढला. हात आपसूक गेला, त्याला मी काय करू? पण तोंड मिटलं नाही. आवाज असा कापत होता की बू सुलास्त्रीनं विचारलं, मिस, आर यू सिक? मी नो म्हटलं आणि बोलत राहिले. पाय वर येतील म्हणून कान लावून होते. ते आले नाहीत. जिन्यात थांबले, जरा वेळानं पुन्हा खाकरले, मग पुष्कळ वेळ काहीच नाही. आणि मग पाय खाली गेले.

सहा वाजता मॅडम म्हणाल्या, व्हेरी गुड, लाइन एकदम क्लिअर आहे. बॅच माझ्याकडेच राहिली.

मी लॅपटॉप मिटला तेव्हा बाहेर अंधार पडला होता. मम्मीजी रसोईच्या दारात ताट घेऊन उभ्या होत्या. सून बोलते आहे त्या खोलीतून सासरा जाणार नाही, असा त्यांच्याही बाजूनं नियम आहे, हे मला सहा वर्षांत कळलं नव्हतं, कारण मी कधी बोललेच नव्हते. दिवस मावळला. ते उपाशी राहिले. पाणीसुद्धा नाही. त्यांना शुगर आहे, गोळी जेवणासोबत घ्यायची असते.

आज परत तेच झालं. मी बोलले, ते परत गेले. अक्षत माझ्याशी बोलत नाही. दोन दिवस क्लास बंद ठेव एवढंच म्हणाला. मी नाही म्हटलं. मग मला माझाच राग आला, आणि तरी पण नाही म्हटलं ते बरोबर होतं असं वाटतंय. एका म्हाताऱ्या माणसाचं जेवण आणि माझं तोंड, दोन्ही एकाच जिन्यात अडकून बसलंय.

मोना

२६ नोव्हेंबर

दैवशाला,

शनिवार-रविवार क्लास नसतो, म्हणून बापूजी वेळेवर वर आले, मधल्या खोलीतून गेले, जेवले. घरात जणू काही झालंच नाही. मम्मीजींनी दोन्ही दिवस लापशी केली. सोमवारी पाच वाजले तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी क्लास सुरू केला. पाक गुनावान वाचत होते, द शिप अराइव्हड् टू द पोर्ट. मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं, ऍट द पोर्ट. तेवढ्यात जिन्यात खाकरणं झालं. मी बोलत राहिले. आणि मग जिन्यात कापड घासल्याचा आवाज आला, कठडा करकरला. ते पायरीवर बसले होते. ते कधी जिन्यात बसत नाहीत. सत्तरीच्या पुढचा माणूस, दिवसभर गल्ल्यावर बसून, भुकेला, सुनेचं बोलणं संपायची वाट बघत पायरीवर बसला होता, आणि खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर चढत चाललं होतं.

माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या, गप्प बसायचं किंवा बोलत राहायचं. गुरुवारपासून मी त्या दोन्हींतच घुटमळत होते. सोमवारी पहिल्यांदा वाटलं, मी यांच्याशीच का बोलत नाही?

मी पाचही जणांना म्हटलं, वन मिनिट. कानातलं काढलं, खुर्चीवरून उठले, जिन्याच्या तोंडाशी गेले. पदर होता डोक्यावर. आणि म्हणाले, "बापूजी, जीमण ने पधारो."

जेवायला या. सहा वर्षांत एवढे शब्द. रसोईत काहीतरी पडलं. मम्मीजींच्या हातातून वाटी सुटली असावी.

मी तिथंच उभी. मग ते कठडा धरून उठले, वर आले, माझ्याकडे न बघता रसोईत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पाटावर बसले. मी परत खुर्चीवर आले आणि शिकवायला लागले. काय शिकवलं मला आठवत नाही. त्यांचं ताट वाजत होतं आणि मी बोलत होते, दोन्ही एकाच वेळी, आणि छत कोसळलं नाही.

हात धुऊन ते मधल्या खोलीत आले, दाराशी थांबले, आणि समोरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "म्हने कोई बोल्यो कोनी. साडेचार बजे जीम लेतो." मला कोणी सांगितलंच नाही, साडेचारला जेवलो असतो. आणि खाली गेले.

एवढंच होतं गं. एवढंच.

काल ते साडेचारला वर आले, जेवले, पाचच्या आत खाली गेले. दुकान बंद पडलं नाही, गिऱ्हाईक पळालं नाही. अक्षत खुशीत आहे. "बघ, म्हटलं न्हवतं, निघतो रस्ता म्हणून," असं म्हणतो. मला इतका राग आला की मी त्याच्यासमोरचं पाणी उचलून परत आत नेलं. एवढं साधं वाक्य बापापर्यंत न्यायला त्याच्या तोंडाला काय झालं होतं? आणि माझ्या? त्या माणसाच्या नावानं आम्ही सगळ्यांनी मिळून पहारा दिला, आणि त्याला विचारलंच नाही. मी जिंकले असं तुला वाटेल, मलाही सोमवारी तासभर वाटलं.

मम्मीजी सोमवारपासून माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला वाटलं, रागावल्या. आज दुपारी मी मेथी निवडत होते, तेव्हा त्या समोर येऊन बसल्या आणि न विचारताच जुडी ओढून घेतली. पुष्कळ वेळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना पुकारलंस तवा भेव वाटलं का?"

मी म्हटलं, हो.

"माझं माहेर शहागडला," त्या म्हणाल्या. जसं काही मला ते माहीतच नव्हतं. "आई आजारी पडल्ती. निरोप आल्ता, येऊन जा म्हणून. मी सासूला म्हटलं, सासऱ्यांना विचारा, जाऊ देता का. सासू म्हणे, आज त्यांचं डोकं ठिकाणावर न्हाई, उद्या इचारते. तुझ्या सासऱ्यांना म्हटलं, तर ते म्हणे, आईनं इचारलं का? असं करता करता हप्ता गेला. सासरे रोज दोन वेळा माझ्या हातचं वाढलेलं जेवत होते. मी ताट ठेवत होते, उचलत होते. इथून तिथवर अंतर." त्यांनी मेथीच्या ढिगापासून माझ्या गुडघ्यापर्यंत हात केला. "एवढंच इचारायचं होतं, जाऊ का म्हणून. आई गेल्याचाच निरोप आला मंग."

या घरात आल्यापासून पहिल्यांदा मला कोणी गप्प बसायला सांगितलं नव्हतं आणि मला शब्द सापडत नव्हते.

त्या म्हणाल्या, "माझे सासरे पण न्हाई म्हटले नसते, असं वाटून राह्यलंय मला आता. सोमवारपासून तेच वाटून राह्यलंय. आधी कधी वाटलं न्हवतं." आणि काड्या पदरात गोळा करून आत निघून गेल्या.

मोना